आर्किटेक्चर कॉलेजला नॅकचा ‘अ’ दर्जा आहे, तेवढं पुरे का?

नाही, नॅकचा (कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा) दर्जा पाहून लेकीचा बी.आर्क.चा, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचा, प्रवेश पक्का करू नका. आर्किटेक्ट म्हणून नोंदणी हवी तर पदवी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर या आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या मान्यतेतली लागते. नॅक अख्ख्या संस्थेचं मूल्यमापन करतं, या व्यवसायाचा परवाना त्यातून मिळत नाही. 1972च्या आर्किटेक्ट्स कायद्याच्या कलम 19 नुसार काउन्सिल कॉलेजात निरीक्षक पाठवते. शिक्षकवर्ग, साधनसामग्री, जागा, प्रशिक्षण पुरेसं आहे का हे ते पाहतात. शिकवण्यात किंवा परीक्षेत हात घालत नाहीत. अहवालाची प्रत कॉलेजलाही जाते, म्हणणं मांडायला संधी मिळते. तरीही दर्जा सुधारला नाही तर कलम 20 खाली केंद्र सरकार मान्यता काढू शकतं. ठरवलेल्या तारखेआधी मिळालेल्या पदव्या मात्र शाबूत राहतात. फसगत होते ती जुनं मान्यतापत्र दाखवल्यानं, नाहीतर मंजूर जागांपेक्षा जास्त मुलं भरल्यानं. कापसाचे पैसे घेऊन यवतमाळहून नागपूर-अमरावतीला फी भरायला निघण्याआधी काउन्सिलच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहाच: कॉलेजचं नाव, चालू शैक्षणिक वर्ष, मंजूर जागा. माहितीपत्रकावर विसंबू नका, पाच वर्षांचा प्रश्न आहे.