दहा लाखांचं वचन आणि दोन विषय

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते. बारावी कॉमर्स, गणित घेऊन. ॲक्च्युरी, म्हणजे विमा-पेन्शनच्या जोखमीचं गणित मांडणारी, व्हायचंय. माझी मावसबहीण कॅनबेराला फायनान्स आणि ॲक्च्युरियल अशी दुहेरी पदवी करते, ती म्हणते दोन्ही बरोबरच कर. इथं एका खासगी विद्यापीठात असा जोड अभ्यासक्रम आहे, पण फी खूप आहे. दुसरीकडे ठाण्यात बी.एस्सी. करायचं म्हटलं तर सायन्स नव्हतं म्हणून शंका वाटते. बी.ए.एफ.ला (अकाउंटिंग अँड फायनान्सच्या पदवीला) तर सहज प्रवेश मिळेल. बाबा म्हणतात, सरळ सी.ए. कर, हे दोन दगडांवर पाय ठेवणं नको. दोन्ही विषय एकत्र झेपतात का? आणि त्यांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. त्या उशिरापायी तीन वेळा नापास झाले.

मी नौपाड्यातली, बी.एस्सी. संख्याशास्त्र. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली ते २००४ साल, आणि त्याच वर्षी मी एका विमा कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. रबाळे-घणसोलीपर्यंत बसायला मिळालं तर मांडीवर नोट्स. ॲक्च्युरीच्या परीक्षांतले संभाव्यतेचे पेपर भराभर निघाले. मग आला फायनान्शियल इकॉनॉमिक्स, तेव्हाचा सीटी-८. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढणारी ब्लॅक-शोल्सची सूत्रं मला तोंडपाठ होती, त्यामागचं ब्राउनियन मोशनचं गणित यायचं. पण रोखा विकत घेतल्यावर घरात पैसे कधी आणि कसे येतात, व्याजदर पडला की जुन्या रोख्याची किंमत का चढते, हे डोळ्यांसमोर उभं राहत नव्हतं. सूत्र येत होतं आणि प्रश्न कळत नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका सी.ए. सहकाऱ्याचं नेमकं उलट होतं. त्याला बाजार हातच्या रेषांसारखा ठाऊक, पण संख्याशास्त्राच्या पेपरला तो अडकून बसायचा. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना शिकवत बसायचो, आणि त्याच्याकडून मी जे शिकले ते पुढचं मांडते. वही घे.

समज, तुझ्या विमा कंपनीनं कुणाला वचन दिलं : वीस वर्षांनी दहा लाख रुपये देऊ. आज त्यासाठी किती बाजूला ठेवायचे? वर्षाला ७ टक्के चक्रवाढ मिळेल असं धरलं तर २,५८,४१९ रुपये पुरतात. ५ टक्केच मिळतील असं धरलं तर ३,७६,८८९ लागतात. वचन तेच, वर्षं तीच, फक्त दोन टक्क्यांचा फरक, आणि गरज जवळजवळ दीडपट.

आता पुढे जा. ७ टक्क्यांच्या हिशोबानं २,५८,४१९ घेतले आणि पाच वर्षांच्या ठेवीत ठेवले. पाच वर्षांनी झाले ३,६२,४४६. तोवर दर ५ टक्क्यांवर आला, मग पुढची पंधरा वर्षं ५ टक्क्यांनीच वाढले. शेवटी हातात येतात साधारण ७,५३,५०० रुपये. दहा लाखांना अडीच लाख कमी. कुणी चोरी केली नाही, कुणी गणित चुकवलं नाही. ठेव पाच वर्षांची होती आणि वचन वीस वर्षांचं, एवढंच झालं. तेच पैसे वीस वर्षांनी एकदमच परत मिळणाऱ्या आणि मधे कूपन म्हणजे व्याजाचा हप्ता न देणाऱ्या रोख्यात ७ टक्क्यांनी अडकवले असते, तर मधे व्याजदर कुठंही गेला असता तरी चाललं असतं. ब्रिटिश ॲक्च्युरी फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ मध्ये हाच विचार इम्युनायझेशन या नावानं मांडला : पैसे कुठं गुंतवायचे हे ठरवताना देणी केव्हाची आहेत ते आधी बघ.

देणी केव्हाची, कितीची आणि किती लोकांची, हे ॲक्च्युरियल सांगतं. ती भागवायला पैसा कुठं ठेवायचा आणि त्याची आज किंमत काय, हे फायनान्स सांगतं. व्याजदर दोघांच्या मधे उभा आहे. दोन विषय वेगवेगळे वाटतात ते केवळ पुस्तकं वेगळी असल्यामुळं. ॲक्च्युरीच्या परीक्षा घेणाऱ्या आपल्या इन्स्टिट्यूटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात सीएम-२ हा पेपर बघ : ऑप्शनची किंमत कशी काढायची आणि विमा कंपनी बुडण्याची संभाव्यता किती, दोन्ही एकाच प्रश्नपत्रिकेत.

हे वेगळं ठेवलं तर काय होतं, त्याचं मोठं उदाहरण लंडनच्या इक्विटेबल लाइफचं आहे. १७६२ साली स्थापन झालेली, वयानुसार शास्त्रीय पद्धतीनं हप्ता ठरवणाऱ्या पहिल्या कंपन्यांत गणली जाणारी. तिनं १९५७ ते १९८८ दरम्यान अशा पेन्शन पॉलिसी विकल्या की निवृत्तीच्या वेळी ठरलेल्या दरानं वार्षिकी, म्हणजे हयातभर दरवर्षी ठराविक रक्कम, मिळेल अशी हमी होती. व्याजदर उंच असताना ती हमी फुकटची वाटायची. १९९० च्या दशकात दर उतरले, माणसं जास्त जगू लागली, आणि हमी अंगावर आली. कंपनीनं बोनस कापून भरपाई करू पाहिली, तर जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते चालणार नाही असं ठरवलं, आणि त्याच डिसेंबरात नवे ग्राहक घेणं तिनं थांबवलं. ती हमी म्हणजे फुकट दिलेला एक ऑप्शन होता. आयुर्मान आणि व्याजदर दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय त्याची किंमत कळणारच नव्हती.

बाबांनी सी.ए. म्हटलं त्यात वाईट काही नाही, पण त्यांना हे दहा लाखांचं उदाहरण दाखव. दोन दगड नाहीत हे त्यांना कळेल.

आता तुझा व्यवहाराचा प्रश्न. इथं तुझ्या मावसबहिणीचं उदाहरण जसंच्या तसं लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी दुहेरी पदवीतल्या विषयांना तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असते, पुरेसे गुण मिळवले की परीक्षांच्या पहिल्या टप्प्यातून सूट मिळते. आपल्याकडे कणा आहे तो इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षांचा. आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा. बारावीनंतर ती देता येते, आणि तिच्यात गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, आकडेवारीचा अर्थ लावणं, तर्क असतो. मग एकेक पेपर. पदवीच्या नावात 'ॲक्च्युरियल' असलं म्हणून कुणी ॲक्च्युरी होत नाही. संस्थेचं कार्यालय सीवूड्सला स्टेशनवरच्या ग्रँड सेंट्रलमध्ये आहे, ऐरोलीहून लोकलनं जाण्यासारखं. त्या विद्यापीठानं तुला 'इतक्या पेपरांना सूट मिळते' असं सांगितलं असेल, तर त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस, संस्थेकडून लेखी विचारून घे. फी भरण्याआधी. हे मी खूप कळकळीनं सांगते, कारण एका मुलीनं सगळी फी भरल्यानंतर मला हा प्रश्न विचारला होता.

आणि त्या विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या विषयांची यादी मागून घे. संभाव्यता, कॅल्क्युलस, रिग्रेशन किती सेमिस्टर आहेत ते मोज. चारेक असतील तर विचार कर. 'इन्शुरन्स मॅनेजमेंट' आणि 'बिझनेस कम्युनिकेशन' यांनीच पानं भरली असतील तर बाहेर पड, फी कितीही सवलतीची असो.

कॉमर्सच्या मुलीला बी.एस्सी.चं दार बंद असेल असं धरून चालू नकोस. संख्याशास्त्राच्या प्रवेशाच्या अटी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन वाच. ते जमलं नाहीच तर बी.ए.एफ. घ्यायला हरकत नाही, पण मग गणित तुला कॉलेजच्या बाहेर एकटीनं वाढवावं लागेल, रोज. फायनान्स नंतर नोकरीत भरून निघतं. संभाव्यतेचा पाया मात्र नोकरीत भरून काढणारं मी कुणी पाहिलं नाही; माझा तो सहकारीही शेवटी दोन महिने सुट्टी घेऊन अकरावीच्या पुस्तकापासून बसला, तेव्हा सुटला.

पदवीच्या पहिल्या वर्षी दोन पेपरांचाच बेत कर : सीएस-१ संख्याशास्त्राचा आणि सीबी-१ बिझनेस फायनान्सचा. एकाच हंगामात दोन्ही. म्हणजे तुझी सवय पहिल्यापासून दोन्हीकडे वळेल, माझ्यासारखी एकांगी होणार नाही. मला फेलो, म्हणजे सगळे पेपर सुटून पूर्ण ॲक्च्युरी, व्हायला नऊ वर्षं लागली. तुला तितकी लागू नयेत.

या रविवारी बाबांच्या कपाटातली जुनी एन्डोमेंट पॉलिसी (मुदतीअखेर किंवा मधेच मृत्यू झाला तरी पैसे देणारी) काढ. हप्ता, मुदत आणि मुदतीअखेरची रक्कम एक्सेलमध्ये घाल आणि वर्षाला किती टक्के पडले ते काढ. मग स्वतःला विचार : बाबा मधेच गेले असते तर कंपनीनं काय दिलं असतं, आणि त्याचा भार हप्त्यात किती असेल? दुसरा प्रश्न सुटणार नाही. कुठं अडलीस ते मला लिहून पाठव.