हाडातली गाठ: आधी एमआरआय की आधी बायोप्सी?

तुमच्या 14 वर्षांच्या भाच्याचा गुडघ्याच्या वरचा भाग दोन महिने दुखतोय, रात्रीही ठणकतो, एक्स-रेत गाठ दिसली आणि बायोप्सीने (गाठीचा तुकडा काढून तपासण्याने) रोग पसरेल अशी घरच्यांना भीती वाटतेय.

आधी एमआरआय, मगच बायोप्सी. सुई घातली की आत रक्त साकळतं, सूज येते आणि गाठीची खरी हद्द एमआरआयवर पुसट होते. एमआरआय नुसत्या गुडघ्याचा नको, मांडीच्या पूर्ण हाडाचा हवा. ऑस्टिओसार्कोमात (हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार) त्याच हाडात वर, अंतर सोडून, दुसरी छोटी गाठ असू शकते.

साधा एक्स-रे मात्र कमी लेखू नका. वय, हाडातली जागा आणि गाठीची कड, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. कड रेखीव आणि पांढरी असेल तर गाठ बहुधा सावकाश वाढणारी. कड विरघळल्यासारखी, हाडावरचं आवरण उचललेलं, सूर्यकिरणांसारख्या रेषा, आणि जागा गुडघ्याजवळची, तर या वयात ऑस्टिओसार्कोमाचा विचार आधी येतो. हाडाच्या मधल्या दांड्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर युइंग सार्कोमा, हाडाच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार. त्यात तापही येतो, म्हणून तो हाडातल्या पू-संसर्गासारखा भासतो. जायंट सेल ट्यूमर ही हाडातली आणखी एक गाठ; ती साधारण 20 ते 40 वयात, सांध्याला लागून होते.

आता भीतीबद्दल. नीट केलेल्या बायोप्सीला घाबरू नका. चुकीच्या जागी केलेलीला जरूर घाबरा. सुईच्या वाटेत गाठीच्या पेशी राहू शकतात, म्हणून ती वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेतच हवी, म्हणजे गाठीबरोबर काढून टाकता येते. आडवा छेद घेतला तर निरोगी स्नायूही दूषित होतात आणि वाचू शकणारा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून जागा पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये या आजारांचं स्वतंत्र काम चालतं. बहुतेकदा जाड सुईने घेतलेले तुकडे पुरतात. एक तुकडा कल्चरला (जंतुसंसर्ग आहे का ते पाहायला) पाठवायला सांगा. आणि पॅथॉलॉजिस्टकडे एक्स-रे, एमआरआयही द्या, कारण जुळून येणारं फ्रॅक्चर नुसत्या स्लाइडवर ऑस्टिओसार्कोमासारखं दिसू शकतं.

सोबत छातीचा सीटी स्कॅन (हा रोग पहिल्यांदा बहुधा फुप्फुसात जातो), आणि रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज व एलडीएच या एन्झाइमांची तपासणी. अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या मुलांत तसंही जास्त असतं, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

तोवर तेल-मालीश, हाडवैद्याची ओढाताण पूर्ण बंद. सर्जन पाहीपर्यंत त्या पायावर भार नको, कुबड्या द्या. गाठीतून हाड मोडलं तर पेशी आजूबाजूच्या स्नायूंत सांडतात आणि पाय वाचवणं अवघड होतं.