वाडीवरचा फोन कुणाच्या खिशात असतो?

आदिवासी वाड्या-पाड्यांवर फोनवरून आरोग्याची माहिती पोचवण्याचं काम करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. जव्हारपासून कुडाळपर्यंतची पत्रं होती. काही थोडी कापावी लागली, त्याबद्दल क्षमस्व.

प्रश्न : कर्जत तालुक्यातल्या सहा ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांचा मिळून आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. १४० जण आहेत. गरोदरपण, लसीकरण, आहार यांवर रोज एक पोस्टर टाकतो. बाया काही बोलत नाहीत, पोरं ‘शुभ सकाळ’ टाकतात. चुकतंय कुठे? (संस्थेचा समन्वयक)

एका संध्याकाळी वाडीवर नुसते जाऊन बसा. घरात एक मोठा फोन असतो आणि तो थोरल्या मुलाच्या खिशात असतो. तुमचं गरोदरपणाचं पोस्टर त्या अठरा वर्षांच्या पोराला जातं. तो ते आईला किंवा वहिनीला वाचून दाखवेल असं वाटतं का तुम्हाला? वहिनीकडे फोन असलाच तर बटणांचा, आणि महिना संपता संपता त्याचं रिचार्जही संपलेलं. रिचार्ज संपलं की काही दिवसांनी येणारे फोनसुद्धा बंद होतात, हे आपण शहरात बसून विसरतो. कातकऱ्यांसारख्या फार मागे राहिलेल्या आदिवासी जमातींसाठी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली, मोबाइल टॉवरही तिच्यात आहेत. पण टॉवर आला म्हणून बाईच्या हातात फोन येत नाही.

पोस्टर बंद करा. बटणांच्या फोनवर चालेल असं काही करा : बाईने एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो आणि दोन मिनिटांचा आवाज ऐकू येतो. तिचा पैसा जात नाही, अक्षरओळख लागत नाही. संस्थेला मिनिटांचे पैसे पडतात. तेवढी सोय नसेल तर प्रत्येक वाडीत एक बाई निवडा. तिला फोन, छोटा स्पीकर आणि रिचार्जचे पैसे द्या. आठवड्यातून एकदा, पाणी भरून झाल्यावर, पाच-सात जणी तिच्या ओट्यावर बसतील. ऐकून झाल्यावर त्या आपसात जे बोलतात तेच खरं शिक्षण. ते ग्रुपवर कधी दिसणार नाही.

आणि भाषा. ‘स्तनदा मातांनी लोहयुक्त आहार घ्यावा’ हे वाक्य माझ्या स्वतःच्या पहिल्या ध्वनिफितीत होतं. एका म्हातारीने विचारलं, लोखंड खायचं कसं? तेव्हापासून ‘अंगावर पाजणारी बाई’ आणि ‘अंगात रक्त कमी’ एवढंच म्हणतो.

प्रश्न : मी पेण तालुक्यात आशा आहे. दिवाळी झाली की आमची कातकरवाडी रिकामी होते, सगळे वीटभट्टीवर, काही कोळशाच्या कामाला. जूनला परत. सहा महिने फोनवर कुणी सापडत नाही, नंबरही बदलतात. हा कार्यक्रम उरलेल्या महिन्यांपुरताच समजायचा का? (आशा स्वयंसेविका)

ताई, उलट समजा. खरी गरज त्या सहा महिन्यांतच आहे. वाडीवर तुम्ही आहात, अंगणवाडी आहे, नर्सबाई आहेत. भट्टीवर यातलं कुणीच ओळखीचं नसतं.

आमची पहिली तीन वर्षं याच गोंधळात गेली. जानेवारीत निरोप पाठवायचो तो कुठेच पोचत नव्हता, आणि आम्ही म्हणायचो, लोकांना आस्था नाही. मग एका मुकादमानेच डोळे उघडले. तो म्हणाला, ‘साहेब, तुमचा ग्रुप वाडीचा आहे. माणसं आता भट्टीची आहेत.’ इतकं साधं होतं ते. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली की एका वाडीची माणसं चार मुकादमांबरोबर चार दिशांना जातात. दिवाळीनंतर ग्रुप वाडीवार ठेवायचा नाही, भट्टीवार करायचा. कोण कुठल्या मुकादमाबरोबर गेलं, जवळचं गाव कोणतं, मुकादमाचा नंबर काय, हे तुमच्या डायरीत आलं पाहिजे. मुकादमाला दुखवू नका. बरेचदा चालू असलेला फोन त्याचाच असतो. पण बाईचं खासगी दुखणं त्याच्या फोनवर कधी बोलू नका. त्यासाठी भट्टीवरची एखादी जाणती बाई हाताशी धरा.

निघण्याआधीचा आठवडा सोन्याचा. उचल वाटली गेली की गाडी केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून नवरात्रापासूनच लागा. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनांत काढून ठेवा. कार्ड झोपडीत भिजतं, हरवतं. लस दुसऱ्या जिल्ह्यात घेतली तरी यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होऊ शकते, हे आईला सांगा. नाहीतर ‘आमचं गाव नाही’ म्हणून ती जातच नाही. ज्याच्या टीबीच्या गोळ्या चालू असतील त्याच्या उपचाराची बदली जिथे जातोय तिथल्या केंद्रात करून घ्या. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नाव आहे, बदली होते. फक्त कुणीतरी मागे लागावं लागतं, आणि ते कुणीतरी बहुधा तुम्हीच.

भट्टीवर विटा पाडायचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं. तुमचा सकाळी दहाचा फोन त्यांच्या कामाच्या शेवटच्या घाईत जातो, संध्याकाळचा झोपेत. दुपारी तीनच्या सुमारास करून बघा. विषयही बदला : मुलांना ऊन लागणं, भट्टीजवळ भाजणं, टँकरचं पाणी, जुलाब झाले तर ओआरएस. आणि ताई, हे सगळं तुम्ही फुकट करू नका. डायरीत नोंद ठेवा आणि मानधनाच्या बैठकीत ती डायरी टेबलावर ठेवा.

प्रश्न : निवृत्त डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. सर्पदंश आणि विंचूदंशावर बारा मिनिटांची चित्रफीत केली. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. वाडीवर कुणी पुरती बघत नाही.

डॉक्टर, बारा मिनिटं मीही पुरती बघितली नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले किती जीव वाचवले हे तुम्ही छान सांगितलंय, आणि ते सांगितलंच पाहिजे, पण ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना. वाडीवरच्या माणसाला एवढंच हवं : विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर दुखणं कमी व्हायची वाट बघू नका, निघा. एवढं चाळीस सेकंदांत सांगून होतं.

सापांचं एकच प्रकरण स्वतंत्र करा, मण्यारीचं. फुरसं किंवा घोणस चावली तर सूज येते, दुखतं, माणूस घाबरून हालचाल करतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. घरचे ओवा देतात आणि सकाळ व्हायची वाट बघतात. ‘पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखायला लागलं आणि डोळे उघडेनात, तर साप समजा आणि १०८ला फोन करा’ एवढा निरोप जूनपासून दर आठवड्याला. चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, आवळायचा नाही, कापायचा नाही. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर मण्यारीपासूनही वाचवते, हे सांगितलं की मच्छरदाण्या वापरात येतात. डास म्हणून सांगून एवढ्या येत नाहीत.

प्रश्न : जव्हारच्या पाड्यावर सगळे आधी भगताकडे (मांत्रिकाकडे) जातात. फोनवरून अंधश्रद्धेविरुद्ध मालिका सुरू करावी का? (शिक्षक)

नका करू. भगत पाड्याचा माणूस आहे, तुम्ही-आम्ही फोनमधला आवाज. भांडणात कोण हरेल? आम्ही एका भगताच्या घरी चार वेळा चहा प्यायला गेलो. पाचव्या वेळी त्याने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं : मंत्र मी गाडीत बसूनही घालीन, आधी गाडी बोलवा. सुईणींच्या बाबतीतही हाच रस्ता.

शिवाय एक सावधगिरी. जव्हार-मोखाड्याला पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात नाही. म्हणजे योजनाही सगळीकडे सारख्या नसतात, तेव्हा दुसरीकडून आलेल्या फिती जशाच्या तशा लावू नका. योजनेचं नाव घेण्याआधी पाड्यावरच्या अंगणवाडीताईंना विचारा, हे इथे मिळतं का. जे मिळत नाही ते फोनवरून कबूल केलंत की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही.

प्रश्न : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीचे निकाल आमच्या कार्यकर्त्याने चुकून पाड्याच्या ग्रुपवर टाकले. नावांसकट. आता? (पालघर जिल्हा)

ग्रुप ॲडमिनने ते लगेच काढायचं, आणि मग घरोघर जाऊन माफी मागायची. फोनवरून नाही. यादीतल्या मुलींची लग्नं ठरायची असतात.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. एवढ्या प्रमाणावर तपासण्या होणार म्हणजे अशा याद्याही फिरणार. निकाल एकेकाला, समोर बसून, कागदावर. ग्रुपवर फक्त ‘शिबिर अमक्या दिवशी’ एवढंच. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे, तीही कार्यकर्त्यांना वाचून दाखवा.

घरोघर जालच तर समजावूनही या, कारण यादी बघून लोकांनी ‘वाहक’ म्हणजे ‘आजारी’ असंच धरलं असणार. मी काजूची बी आणि चिंचोका घेऊन बसतो. ज्याच्याकडे एक काजू आणि एक चिंचोका आहे तो वाहक, त्याला आजार नाही. दोघेही वाहक असतील तर दोघांनी डोळे मिटून एकेक उचलायचं. दोन्ही काजू आले तर मूल आजारी. चारात एकदा तसं होतं, पण दर गरोदरपणी डाव नव्याने मांडला जातो. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं धरून बसलेली घरं मी पाहिली आहेत. बिया दोन-चारदा उचलायला लावल्या की ते आपोआप कळतं.

प्रश्न : कुडाळ तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत ‘लेप्टो टाळायला सर्वांनी दर आठवड्याला डॉक्सीची गोळी घ्या’ असा निरोप फिरतोय. (लेप्टो म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा ताप, डॉक्सी म्हणजे एक अँटिबायोटिक.) आम्हीही पुढे पाठवू का?

अजिबात नको. ती गोळी कुणाला द्यायची ते आरोग्य कर्मचारी ठरवतात. गरोदर बाई आणि लहान मुलं तिच्यातून वगळलेली असतात, आणि ‘सर्वांनी’ या शब्दात ती दोन्ही येतात. तुम्ही हे पाठवा : चिखलात काम केलंय, ताप आलाय, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल आहेत, तर दुसऱ्या दिवशी लावणीला न जाता केंद्रात. चुकीचा निरोप ज्या माणसाकडून आला, दुरुस्तीही त्याच्याच आवाजात गेली तर चालते.

प्रश्न : देणगीदार कंपनी दर महिन्याला ‘व्ह्यूज’चा आकडा मागते. (सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या कामाचा समन्वयक, रायगड)

द्या. त्याच्याखाली दुसरा आकडाही लिहा : या महिन्यात कितीजणींनी उलट फोन करून काही विचारलं. पहिल्या महिन्यात तो तीन असेल. लाजू नका.

प्रश्न : मी कातकरी आहे, सुधागड तालुक्यातला, बारावी झालोय. एका संस्थेच्या फितींना माझा आवाज आहे, आमच्या बोलीत. ते म्हणतात तू स्वयंसेवक. आमची माणसं माझ्या आवाजामुळे ऐकतात. पैसे मागितले तर काम जाईल का?

मागा. मजकूर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, संगणकावर कापणाऱ्याला मिळतात. बोलीत आणणं हे त्या दोघांहून अवघड काम आहे आणि तालुक्यात ते करणारे कितीजण आहेत, तुम्हीच सांगा. दर फितीचा ठरवा, महिन्याचा नको, कारण पावसाळ्यात कामं वाढतात. लिहून घ्या.

आणखी दोन गोष्टी त्याच कागदावर घाला. मजकूर तुमच्या हातात आला की ‘आपल्याकडे असं बोलत नाहीत’ म्हणून बदलायचा अधिकार तुम्हाला. आणि मूळ फिती तुमच्याकडेही राहतील, संस्था उद्या निघून गेली तरी. तुमचा स्वतःचा एक प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला होता, की दारूवर काही करायचं आहे पण संस्थेच्या यादीत तो विषय नाही. फोन तुमचा आहे ना? रेकॉर्ड करा, आधी आईला ऐकवा.