जखमेत पडलेल्या अळ्या राहू द्याव्यात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. होळीच्या सुमारास वावरात पऱ्हाटीचा खुंट लागून त्यांच्या तळपायाला जखम झाली, ती अजून भरली नाही. परवा पट्टी सोडली तेव्हा तिच्यात अळ्या दिसल्या. आई त्यांवर सीताफळाचा पाला वाटून लावणार होती; परंतु परदेशात अळ्या सोडूनच अशा जखमा बऱ्या करतात, असे मोबाईलवर वाचून धाकट्या भावाने तिला थांबवले. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : त्या अळ्या राहू देऊ नयेत आणि पालाही लावू नये, वडिलांना आजच रुग्णालयात न्यावे.

आपल्या भावाने वाचले ते खोटे नाही, पण अर्धे आहे. पहिल्या महायुद्धात रणांगणावर कित्येक दिवस पडून राहिलेल्या सैनिकांच्या, अळ्यांनी भरलेल्या जखमा आतून आश्चर्यकारक स्वच्छ असल्याचे विल्यम बेअर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने पाहिले आणि पुढे बाल्टिमोर येथे हाडांच्या जुनाट जंतुसंसर्गावर त्यांनी हा उपचार सुरू केला. तेथे काही रुग्णांना धनुर्वात झाल्यावर अळ्या आधी निर्जंतुक करणे अनिवार्य आहे, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत या उपचाराला 2004 मध्ये मान्यता मिळाली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच वापरण्यासाठी.

त्यासाठी एका विशिष्ट हिरव्या माशीची अंडी प्रयोगशाळेत निर्जंतुक करून, त्यांतून निघालेल्या एक-दोन दिवसांच्या अळ्या जखमेच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाच ते आठ या प्रमाणात सोडतात, वरून जाळीची पट्टी बांधतात आणि दोन-तीन दिवसांनी सर्व काढून घेतात. या अळ्या पाचक रस सोडून मृत मांस विरघळवतात आणि ते शोषून घेतात. आपल्याकडे गोठ्यातल्या जनावरांच्या जखमांत किडे पडतात, त्यांत मात्र जिवंत मांस पोखरणाऱ्या माशीच्याही अळ्या असतात आणि त्या माणसालाही सोडत नाहीत. जखमेत दिसणारी अळी कोणत्या माशीची आहे, हे घरी डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिवाय उघड्यावरची माशी शेणावरून, उकिरड्यावरून येते. तिच्याबरोबर काय आले असेल, याची कल्पना आपणास असेलच.

निर्जंतुक अळ्यांचेही काम जखम साफ करण्यापुरतेच असते. पायांवरील जुनाट व्रणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अळ्यांनी मृत मांस लवकर निघाले, परंतु जखम भरण्यास लागणारा काळ कमी झाला नाही आणि वेदना मात्र अधिक झाल्या. वडिलांची जखम रेंगाळण्याची कारणे बहुधा अन्यत्र आहेत : अनियंत्रित साखर, बधिर झालेल्या पायावर पडत राहणारा भार आणि कमी झालेला रक्तपुरवठा. ही कारणे तशीच ठेवून जखम कितीही साफ केली, तरी ती पुन्हा चिघळेल.

जखमेत रॉकेल, फिनाईल किंवा टर्पेंटाइन ओतू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी आणि पायावर भार न देता वडिलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागात दाखवावे. साखरेचे जुने अहवाल सोबत न्यावेत, धनुर्वाताची लस कधी घेतली ते सांगावे आणि पायाचा रक्तप्रवाह तपासण्याची व हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का हे पाहण्यासाठी एक्स-रे काढण्याची विनंती स्वतःहून करावी. ताप, थंडी, पायावर चढत जाणारी लाली किंवा काळी पडलेली बोटे यांपैकी काही दिसल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.