अंदमानला निघालीस, तर आधी भरतीचं कोष्टक

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. डिसेंबरअखेर अंदमानातलं हॅवलॉक बेट, पाच दिवस, ऑफिसातली सहा जणं, आणि त्यातल्या चौघांची गाडी अजून कुठल्या रिसॉर्टला डीजे आहे यावरच अडलेली. तू विचारतेस, पार्टी नको असेल तर माणसाने तिथे करायचं काय, आणि मी ग्रुपला बोअर वाटेन का. दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही. पहिल्याचं उत्तर सांगतो, पण त्यातली एक गोष्ट इतक्या वेळा सांगणार आहे की तुला वैताग येईल. आधी भरतीचं कोष्टक बघ. विमानाचं तिकीट काढून झालंय, ठीक आहे, पण बाकी काहीही ठरवण्याआधी ते.

मुळात पार्टीसाठी हॅवलॉकला जाणं हाच उफराटा प्रकार आहे. घड्याळ आपलंच, पण जागा मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटं धर, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा ऐंशी मिनिटं पुढे. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला उजाडतं, आपल्याकडे तेव्हा दूधवाला आलेला नसतो. संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो आणि गाव लवकर सामसूम होतं. जे मित्र दहाला उठणार, त्यांनी तिथल्या दिवसाचे चार तास उशीवर घालवलेले असतील. ते चार तास तुझे. नाश्त्याला त्यांच्यात जाऊन बस, कुणाला पत्ताही लागणार नाही.

आता कोष्टक. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर बंदर असतं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवरही अंदाज मिळतात. दिवसाला साधारण चार नोंदी: दोन भरत्या, दोन ओहोट्या, म्हणजे पाणी सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असतं ते क्षण, प्रत्येकीची वेळ आणि मीटरमध्ये उंची. ओहोटीचा आकडा जितका लहान, तितका खडक जास्त उघडा. परदेशी अ‍ॅपवरून घेतलंस तर वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची ते आधी तपास. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ भरतीच्या जागी ओहोटी. कागदावर छापून ने. तिथे रेंजचा भरवसा धरू नको.

हे वाचायचं कसं, तेही ऐक. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी ओहोटी दुपारी एकला असेल, तर पाचव्या दिवशी ती चारच्या पुढे गेलेली असते, आणि साडेचारला तिथे उन्हं उतरतात. म्हणून "शेजारच्या नील बेटावर शेवटच्या दिवशी जाऊ" असं हवेत ठरवायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढ-उतार थोडा. घरी भिंतीवर कालनिर्णय आहे, तिथी त्यातच बघ. फक्त आपल्याकडचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (चतुर्थीला तीनला भरती वगैरे) तिकडे लावू नको. तो या किनाऱ्याचा आहे.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कर. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पोर्ट ब्लेअरला उधाणाचा फरक दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या तासात वीतभरही चढत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात एकदम अर्धा मीटर. खडकावर फोटो काढत बसलेले लोक अडकतात ते याच तासात. मुंबईत हा फरक चार मीटरच्याही पुढे जातो, तरी बँडस्टँडच्या खडकांवरून माणसं वाहून जायची थांबलेली नाहीत. समुद्राला पाठ करून भेळ खाणारी आमची पिढी, तिने तुम्हाला हे शिकवलंच नाही. त्याची मला चीड आहे आणि ती मी लपवत नाही.

आता जागा. नावांचा आधी गोंधळ मिटव: २०१८पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. जुनी-नवी दोन्ही नावं कानावर पडतील.

नीलला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र दे. बेट लहान, बरंचसं सपाट, भाड्याची सायकल पुरते. लक्ष्मणपूरची ती दगडी कमान सगळे बघतात, पण फार थोडे वेळेवर बघतात. तिथे खडकांवरून चालत जावं लागतं आणि ते फक्त ओहोटीलाच जमतं. ओहोटीच्या दीड तास आधी पोच, उतरत्या पाण्याच्या मागे मागे पुढे जा, आणि ओहोटीची वेळ उलटून एक तास व्हायच्या आत परत फीर. कमानीपाशी दहा मिनिटं, खडकांत साचलेल्या डबक्यांपाशी दीड तास. उलटं करू नको. डबक्याशी उकिडवी बस, तुझी सावली पाण्यावर पडणार नाही अशी, आणि पाच मिनिटं हलू नको. आधी काहीच दिसणार नाही. मग एखादा शंख चालायला लागतो, तो खेकडा निघतो. दगडाला चिकटलेलं समुद्रफूल पाकळ्या उघडतं. काळी काकडी पडल्यासारखं जे दिसतं तो जिवंत प्राणी आहे, पायाने ढोसू नको. दगड उलटलास तर जसा होता तसा परत ठेव, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. आणि निमुळता, नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. कोन शंखातला प्राणी विषारी काटा मारतो आणि काही जातींचं विष माणसाला पुरून उरतं. पायात मागून पट्टा असलेले रबरी सोलचे फ्लोटर. चपलेने शेवाळावर आपटशील.

हॅवलॉकला विजयनगरच्या किनाऱ्यावर राहणार असाल तर एक सांगून ठेव सगळ्यांना: ओहोटीला तिथे पाणी लांब सरकतं आणि मधे नुसते खडक. पोहता येत नाही. रिसॉर्टच्या फोटोत भरती असते, एवढंच. मग हे लोक भाड्याच्या नावाने बोटं मोडतात. कोष्टक बघितलं असतं तर? असो.

राधानगरला मात्र वाळूच वाळू, तिथे कोष्टकाला थोडी सुट्टी. जेटीपासून सुमारे बारा किलोमीटर, रस्ता चढउताराचा, स्कूटी घ्या. जीवरक्षक असतील त्याच टप्प्यात पाण्यात उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. २०१०मध्ये राधानगरच्याच कडेला एक पर्यटक तिने मारली. पाटी असेल तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि दिवेलागणीला पाण्यात पाय नको.

स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघण्याची, गोष्ट सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळे पैसे फुकट घालवतात. एलिफंट बीचवर बोटीने नेतात, ट्यूब देतात, वीस मिनिटांत बाहेर काढतात. तू स्वतःचा मास्क इथून घेऊन जा. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकव, नाकाने हवा आत ओढ, हात सोड. चिकटून राहिला तर तो तुझा. पडला तर कितीही महाग असला तरी नको. तुला चष्मा आहे, तर नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, चौकशी कर. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धू, नाहीतर वाफ धरतच राहील. पाण्यात उतरण्याआधी आतून थुंकी चोळून विसळ. घाण वाटली तर बेबी शाम्पूचा एक थेंब. केसांची एक बट जरी रबराखाली अडकली तरी पाणी शिरतं. मग लोक पट्टा आवळतात आणि आणखी गळतं, कारण रबर दुमडतं. पट्टा सैलसरच असावा.

निघण्यापूर्वी कुठल्याही तरणतलावात तीनदा सराव कर. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भर, वरची कड बोटांनी दाब, मान किंचित वर, नाकाने जोरात फुंकर; पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी गेलं तर एक ठसकेबाज "टू!" आणि मग हळू श्वास. हे अंगवळणी पडलं नसेल तर समुद्रात पहिल्याच घोटाला तू उभी राहायला जाशील, आणि उभी राहशील ती प्रवाळावर. ते मरतं आणि तुझा पाय चिरतो. त्या जखमा लवकर भरत नाहीत.

वेळ? पुन्हा तेच. पाणी चढण्याच्या शेवटच्या तासापासून उतरण्याच्या पहिल्या तासापर्यंत. प्रवाळावर पुरेसं पाणी असतं आणि ओढ सगळ्यात कमी, बारा भागांचा हिशोब आठव. ही वेळ सकाळी नऊ ते बाराच्या मधे येईल तो दिवस निवड. तिथे सूर्य सव्वाअकराच्या सुमारास डोक्यावर असतो, उजेड सरळ आत उतरतो, रंग दिसतात. एकटीने मात्र नाही. सहातला एक तरी जण पटव. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाल. पोटरी आणि गुडघ्याची मागची बाजू सगळ्यात आधी भाजते.

स्कूबा करायचा तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमान नको. सर्दी असेल तर डाइव्हच नको. खाली जाताना कान दुखायला लागायच्या आधीच, दर अर्ध्या मीटरला, नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं.

रात्रीसाठीही एक आहे. अंधाऱ्या पक्षात खारफुटीतून कयाक नेतात, वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. पौर्णिमेच्या जवळपास पैसे घालवू नको. आणि खाडीत पुरेसं पाणी हवं, म्हणजे भरती. बघ, परत तिथेच आलो. तुझी आई म्हणते मी सहलीचा शाळेचा तास करतो. करतो. ज्याला वेळ माहीत नाही त्याला बेट दिसत नाही, फक्त रिसॉर्ट दिसतं, आणि तेवढ्यासाठी मढ आयलंड पुरे होतं.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल बघशीलच. सात शाखांपैकी तीन उरल्यात, त्यांना घाईत उरकू नको. पहाटे चिडिया टापूला पक्षी बघ. जारवा जमातीच्या जंगलातून "आदिवासी दाखवतो" म्हणणाऱ्या गाडीत बसायचं नाही. यावर चर्चा नको.

किरकोळ: वाळूतल्या बारीक माश्या सकाळ-संध्याकाळ चावतात, पायाला खोबरेल तेलाचा जाड थर दे आणि खाजवू नको. जेलीफिश लागला तर वाळू चोळू नको, गोडं पाणी नको, समुद्राच्याच पाण्याने धू आणि दवाखाना गाठ. समुद्री साळूचा काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास.

येत्या अमावास्येला कार्टर रोडवर जा. उधाणाला मुंबईत ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. खडकांवर कालवं काढणाऱ्या बाया दिसल्या तर त्या परत फिरतात तेव्हा तूही फीर. तिथे दोनदा जाऊन आलीस की मला तुझ्या पाच दिवसांचं कोष्टक पाठव, कुठला दिवस कुठे ते मिळून लावू.

तुझा,
काका

ता. क. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हवा बिघडली की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात. आणि त्या चौघांना बजाव: किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा बॅगेत टाकायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.