वर्दी उतरल्यानंतरचे दिवस

फोंडा, गोवा

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याआधी मनाची कोणती तयारी करावी, असे तू विचारले आहेस. धावणे, पोहणे, कवायत हे तेथील ३ वर्षांत आणि नंतर डेहराडूनच्या सैनिकी अकादमीतील १ वर्षात तुझ्याकडून करून घेतले जाईलच. मला लिहायचे आहे ते आज तुला फार दूर वाटणाऱ्या काळाविषयी. कर्नल हुद्द्याचा अधिकारी साधारण ५४ व्या वर्षी निवृत्त होतो आणि सलाम, गाडी, सहायक, हुकूम देण्याचा अधिकार हे सारे एकाच दिवशी थांबते. ज्यांच्याजवळ हुद्द्याखेरीज काहीच उरलेले नव्हते, असे चांगले चांगले अधिकारी त्यानंतर खचलेले मी पाहिले आहेत.

आमचे कमांडिंग ऑफिसर मात्र फोंडा तालुक्यातल्या आपल्या वडिलोपार्जित कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, परतले आणि अखेरपर्यंत आनंदात राहिले. सियाचिन हिमनदीवर १९८४ साली आपले सैन्य चढले, त्यानंतरच्या वर्षांत त्यांनीही तेथे दिवस काढले होते. त्या उंचीवर भूक मरते, झोप तुटते, जेवण बहुतेक डबाबंद असते आणि पिण्याचे पाणीसुद्धा स्टोव्हवर बर्फ वितळवून करावे लागते. म्हणूनच असेल, पण सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकताच ते स्वतः फाटकापर्यंत जात, गरम उंडे (गोल पाव) घेत आणि न्याहारीचा तो अर्धा तास कोणत्याही कामाला देत नसत. पाऊस सरला की पाटाचे पाणी माडा-पोफळींना वळवण्यात त्यांची सकाळ जाई.

त्यांचा खरा जीव होता तो जत्रेतल्या मराठी नाटकात. नाटक बसवीत गावातले शिंपी. सुमारे ८०० जवानांची पलटण चालवलेले हे गृहस्थ विंगेत, प्रेक्षकांना दिसणारही नाहीत अशा जागी, संहिता धरून नटांना वाक्ये पुरवीत आणि एखादी जागा हुकली तर शिंप्यांचे चार शब्द निमूटपणे ऐकून घेत. त्यांच्या पदकांविषयी मला आदर आहेच, परंतु माणूस म्हणून ते मला सर्वांत मोठे वाटले ते त्या विंगेत.

ही आवड त्यांना निवृत्तीनंतर सुचलेली नव्हती. पलटणीच्या बडाखान्याला, म्हणजे सर्वांच्या एकत्र मेजवानीला, जवान जे छोटे नाटक करीत, त्यातही वाक्ये पुरवायला तेच बसत. आणि जेथे बदली होई तेथे क्वार्टरमागे भाजीचा वाफा असे. निवृत्तिवेतनाचा अर्धा भाग एकरकमी घेता येतो आणि कपात झालेला तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. बरेच जण ती रक्कम मोठ्या शहरातल्या मोठ्या घरात घालतात. त्यांनी जुन्या घराची कौले बदलली, विहीर उपसून घेतली आणि तेवढ्यावर ते थांबले.

तेव्हा प्रबोधिनीत मन लावून शीक, पण जेथे तुझा हुद्दा कोणी विचारणार नाही असे एखादे काम आत्तापासूनच हाती धर आणि प्रत्येक बदलीत ते सोबत ने. तुझ्या गावातही जत्रेला नाटक होते. सुट्टीत येशील तेव्हा तालमीला जा आणि सांगतील ते काम कर, मग ते पडदा ओढण्याचे का असेना.

तुझा,
काका