पासवर्डचं बिऱ्हाड हलवायचं म्हणजे

मागच्या वेळी पासवर्ड मॅनेजरबद्दल, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणाऱ्या ॲपबद्दल, लिहिलं आणि मग इतके प्रश्न आले की मला वाटलं अख्खं इंदूर एकदमच घर बदलतंय की काय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम काढलीत, कारण कोणाचे पासवर्ड कुठे असतात हे गावाला कळायची गरज नाही.

राजेंद्रनगरहून एक ताई विचारतात: दादा, माझे दोनशेच्या वर पासवर्ड क्रोममधे आहेत, ते बिटवॉर्डन नावाच्या पासवर्ड मॅनेजरमधे न्यायचेत. एकेक टाइप करावा लागेल का? आणि यात धोका काय?

ताई, टाइप काही करायचं नाही, पूर्ण काम वीस मिनिटांचं आहे. पण कॉम्प्युटरवर करा, फोनवर नको, आणि आपल्याच कॉम्प्युटरवर, ऑफिसच्या नाही आणि चौकातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या तर मुळीच नाही. क्रोममधे गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, त्याच्या सेटिंग्जमधे एक्सपोर्ट पासवर्ड्स आहे, ते कॉम्प्युटरचा पासवर्ड किंवा पिन विचारतं आणि एक सीएसव्ही फाइल देतं. मग ब्राउझरमधे बिटवॉर्डनची वेबसाइट, लॉगिन, टूल्स, इंपोर्ट डेटा, फॉरमॅटच्या यादीत क्रोम निवडा, फाइल द्या, झालं. फॉरमॅट मात्र बघून निवडा, प्रत्येक कंपनीच्या फाइलमधे रकाने वेगळे असतात, चुकीचा निवडला तर फाइल घेतच नाही, नाहीतर पासवर्ड भलत्याच रकान्यात जाऊन बसतो.

आता धोक्याचं. ती सीएसव्ही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल आहे हो, तिला कुलूपच नाही. नोटपॅडने उघडा, साइट, युजरनेम, पासवर्ड, सगळं ओळीने वाचता येतं. जुनी तिजोरी चांगली, नवी तिजोरी चांगली, पण मधल्या प्रवासात सगळे दागिने उघड्या लोडिंग रिक्षात ठेवून राजवाड्यावरून चाललोय असं आहे ते. म्हणून हा प्रवास लहान पाहिजे. फाइल बनवली की लगेच इंपोर्ट, आणि लगेच डिलीट, मधे चहाला उठायचं नाही. स्वतःलाच व्हॉट्सॲप किंवा मेल करून ठेवायची नाही (हे लोक फार करतात). आणि डिलीट म्हणजे नुसतं डाउनलोड्समधून नाही, रीसायकल बिनमधूनही. अजून एक, तुमचा डेस्कटॉप किंवा डाउनलोड्स फोल्डर वनड्राइव्ह नाहीतर गूगल ड्राइव्हवर आपोआप चढत असेल तर फाइलची एक कॉपी तिकडे पोचलेली असते आणि तिकडच्या कचरापेटीतही पडून राहते, तिथून पण काढा. किंवा सरळ आधी ते सिंक थांबवा मग एक्सपोर्ट करा. एसएसडीवर (नव्या कॉम्प्युटरमधली डिस्क) डिलीट केलेलं खरंच पुसलं गेलं का याची खात्री देता येत नाही, म्हणून डिस्कवर बिटलॉकर किंवा मॅक असेल तर फाइलव्हॉल्ट, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावायची सोय, चालू असलेलं बरं.

मग मोजणी. इकडे किती होते, तिकडे किती आले. आकडा जुळला तरी पाचसहा साइट्सवर खरंच लॉगिन करून बघा, त्यात बँक आणि ईमेल हवंच. क्रोममधले लगेच पुसू नका, दोनतीन आठवडे राहू द्या. आणि पुसाल तेव्हा हे लक्षात ठेवा की सिंक चालू असेल तर एका जागी पुसलं की फोनवरूनही जातं.

सुदामानगरहून एक काका: इंपोर्टच्या आधी फाइल जरा नीट करावी म्हणून एक्सेल शीटमधे उघडली, नको ते जुने काढले आणि सेव्ह केली. आता काही जागी पासवर्ड चुकीचा दाखवतंय. नवीन ॲप खराब आहे का?

ॲप नाही काका, ती शीट. मी पण हे करून बसलोय एकदा, म्हणून अनुभवाने सांगतो. शीटला आकडा दिसला की ती त्याला आकडाच समजते. तुमचा पिन ०४५२ असेल तर पुढचं शून्य तिला फालतू वाटतं आणि उरतात ४५२. सोळा सतरा आकड्यांची लांब संख्या असेल तर पंधरा आकड्यांपुढचे सगळे शून्य होऊन जातात. पासवर्ड १०-१२ असा काही असेल तर त्याची तारीख बनते, आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होत असेल तर तिला वाटतं फॉर्म्युला आहे. नोट्समधे मराठीत काही लिहिलेलं असेल तर कधीकधी त्याची पण खिचडी होते. नुसतं उघडून बघितलं तर फाइलचं काही बिघडत नाही, सेव्ह केलं की बिघडतं.

जुन्या ठिकाणी अजून सगळं आहे ना? मग काळजी नाही. नवीन ॲपमधे आलेला माल आधी पूर्ण पुसा, जुन्यातून ताजी फाइल काढा आणि न उघडता तशीच्या तशी चढवा. पुसल्याशिवाय दुसऱ्यांदा चढवलं तर बिटवॉर्डन काही म्हणणार नाही, सगळ्याच्या दोन दोन प्रती करून ठेवेल. साफसफाई नव्या घरात गेल्यावर आरामात करा.

एक वाचक: मी लास्टपास हा पासवर्ड मॅनेजर वापरायचो, २०२३ मधे सगळं दुसरीकडे हलवलं. पासवर्ड तेच आहेत. आता मी सेफ ना?

नाही भिया, अर्धंच काम झालंय. २०२२ मधे चोरांनी लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप कॉप्या नेल्या, कंपनीने २२ डिसेंबर २०२२ ला स्वतःच सांगितलं ते. युजरनेम, पासवर्ड आणि नोट्स एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद होत्या, पण साइट्सचे पत्ते तसेच उघडे होते, म्हणजे कोणाचं खातं कुठे आहे हे चोराला दिसतं. तुम्ही घर बदललंत, पण त्याच्याकडची कॉपी जुनीच आहे आणि तिच्यावर तो घरी बसून हव्या तितक्या वेळा मास्टर पासवर्डचा (अख्खी तिजोरी उघडणाऱ्या पासवर्डचा) अंदाज लावू शकतो, त्याला कोणी अडवत नाही. तुम्ही नंतर मास्टर पासवर्ड बदलला असेल तरी त्या कॉपीला काही फरक पडत नाही. तेव्हा आतले पासवर्ड बदलणं हाच उपाय. शंभर एका दिवसात नका बदलू, कंटाळून सोडून द्याल. पहिले ईमेल, कारण बाकी सगळ्यांचं रीसेट तिथेच येतं, मग बँक आणि डीमॅट, मग जिथे कार्ड सेव्ह आहे ते. एखाद्या जुन्या फोरमचा पासवर्ड तसाच राहिला तर राहू द्या, फक्त तोच पासवर्ड दुसरीकडे नको.

विजयनगरहून एक मुलगा: दादा, माझे पासवर्ड मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमधे होते, ते दिसतच नाहीयेत. आणि पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) आणि लॉगिनला लागणारे सहा आकड्यांचे कोड पण नवीन ॲपमधे आले नाहीत.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत रे. त्या ॲपमधे जून २०२५ पासून नवीन पासवर्ड घेणं बंद झालं, जुलैत ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणं) बंद, ऑगस्टपासून पासवर्ड दिसणंच बंद. पण ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेले असतात, एज ब्राउझरमधे त्याच खात्याने लॉगिन कर, तिथे सापडतील, आणि तिथून एक्सपोर्टही होतं.

पासकी सीएसव्हीत येतच नाही, आलीच तर तिचा अर्थच संपला. पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या कंपन्यांच्या गटाने २०२४ च्या ऑक्टोबरमधे एका ॲपमधून दुसऱ्यात सरळ, मधे उघडी फाइल न बनवता हलवायच्या पद्धतीचा मसुदा काढला आणि ॲपलने आयफोनच्या आयओएस २६ मधे ती आणली, पण दोन्ही ॲप्सनी ती घेतली असेल तरच उपयोग. नाहीतर प्रत्येक साइटवर जाऊन नवीन पासकी बनवायची, ती चालली की जुनी काढायची. याच क्रमाने, उलटं केलंस तर दाराबाहेर राहशील.

सहा आकड्यांच्या कोडचं पण तसंच, साइटच्या सिक्युरिटी सेटिंगमधे जाऊन नवा क्यूआर घेऊन नवीन ॲपने स्कॅन कर. बॅकअप कोड देत असतील तर तेव्हाच लिहून घे. माझं विचारशील तर कोड आणि पासवर्ड एकाच ॲपमधे ठेवू नये, सोय होते खरी पण किल्ल्या सगळ्या एकाच खिळ्याला.

रामबागहून एक आजी (नातवाकडून लिहून घेतलंय): माझे पासवर्ड डायरीत आहेत. नातू म्हणतो फेकून दे. फेकू का?

आजी, मुळीच नाही. घरातल्या कपाटातली डायरी इंटरनेटवरून कोणी चोरू शकत नाही, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्या तुमच्या नातवापेक्षा तुम्ही जास्त सेफ असाल. फक्त पिन एटीएम कार्डासोबत पर्समधे नको. आणि नातवाला सांगा, त्याने ॲप घेतलं तर त्याचा मास्टर पासवर्ड कागदावर लिहून तुमच्याच कपाटात ठेवावा, कारण तो विसरला तर बहुतेक कंपन्या परत देऊच शकत नाहीत, त्यांच्याकडे तो नसतोच.

बऱ्याच जणांचा: फोनवर आता दोन दोन ॲप विचारतात, पासवर्ड सेव्ह करू का?

इंदूरच्या माणसाला सेव विचारलं की तो हो म्हणणारच, तिथेच घोटाळा होतो. अर्धे पासवर्ड जुन्यात जातात, अर्धे नव्यात, आणि बदललेला कुठे आहे ते महिन्याभराने कळत नाही. फोनच्या सेटिंग्जमधे ऑटोफिल शोधा, तिथे नवीन ॲप निवडा आणि जुनं काढा, मग क्रोमच्या पासवर्ड सेटिंगमधलं ‘ऑफर टू सेव्ह’ बंद करा. कॉम्प्युटरवरचं क्रोम विसरू नका, ते वेगळं बंद करावं लागू शकतं.